चिपवर चाचणी बसवताना

माझ्या टेबलाच्या खणात दोन वह्या आहेत. त्यांत फक्त बिघाड लिहिलेत: कोणती चिप, काय झालं, मला आधी काय वाटलं आणि शेवटी कारण काय निघालं. मायक्रोफ्लुइडिक चिपवर, म्हणजे बारीक चॅनेलमधून थेंबभर द्रव खेळवणाऱ्या तुकड्यावर, जैविक चाचण्या बसवायच्या कामाला लागून मला सहा वर्षं झाली. कोणी नवीन शिकायला आलं की मी आधी या वह्या हातात देते. चार पानं चाळली तरी एक गोष्ट दिसते. चिपच्या आत, त्या केसाएवढ्या चॅनेलमध्ये, फारसं काही बिघडत नाही. तिथलं पाणी अगदी शहाण्यासारखं वागतं. बिघडतं ते वेशीवर: नळी आत शिरते तिथे, नमुना आत जातो तिथे, काचेला प्रथिन चिकटतं तिथे. म्हणून मीही जास्त वेळ वेशीवरच थांबणार आहे.

उदाहरणाला एकच चाचणी धरू. काचेच्या स्लाइडवर पारदर्शक सिलिकोन रबराचा ठोकळा, त्याच्या पोटात एक सरळ चॅनेल. रुंदी २०० मायक्रोमीटर, उंची ५०, लांबी २० मिलिमीटर. तळाच्या काचेवर अँटिबॉडी बसवलेल्या. नमुन्यातलं हवं ते प्रथिन त्या धरून ठेवतात, वरून दुसरी फ्लुओरोसंट अँटिबॉडी सोडायची, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तळ किती चमकतो ते मोजायचं. सँडविच चाचणी म्हणतात ती हीच.

आधी विचारा, चिप लागतेच का

हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण चिप दिसायला छान असते. तुमच्याकडे मिलिलिटरभर नमुना असेल, घाई नसेल आणि ९६ खळ्यांची प्लेट वाचणारं यंत्र शेजारी असेल, तर प्लेटवरच करा. चिप कामाची ठरते ती दोन कारणांनी. एक, नमुना थोडा असतो. बोटाला सुई टोचून मिळणारं रक्त काही थेंबांचंच. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे: रेणूंना चालावं लागणारं अंतर.

हे एकदा हिशोब करून बघा, मग कायमचं लक्षात राहतं. रेणू जागच्या जागी भटकत एखादं अंतर कापतो तेव्हा लागणारा वेळ साधारण अंतराच्या वर्गाला विसरणांकाच्या (रेणू किती भराभर पसरतो त्या आकड्याच्या) दुपटीने भागल्याइतका असतो. अँटिबॉडीएवढ्या प्रथिनाचा पाण्यातला विसरणांक सेकंदाला ४० चौरस मायक्रोमीटरच्या आसपास. प्लेटच्या खळ्यात १०० मायक्रोलिटर घातलं की पाणी सुमारे ३ मिलिमीटर उभं राहतं. तेवढं अंतर नुसतं भटकत कापायला त्या रेणूला तीस तासांवर लागतील. म्हणून तर प्लेट हलवत ठेवतात. आपल्या चॅनेलची उंची ५० मायक्रोमीटर. तिथे हाच हिशोब ३१ सेकंदांवर येतो. अंतर साठ पट कमी, वेळ साडेतीन हजार पटींहून कमी. चिपची सगळी करामत या वर्गात आहे.

कागदावर जमलं तर कागदावर

रबर ओतण्याआधी अजून एक वळसा घ्या. कागदात पाणी आपोआप वर चढतं, त्याला पंप लागत नाही. २००७ साली हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने कागदावर पाणी अडवणाऱ्या भिंती उमटवून एकाच थेंबात ग्लुकोज आणि प्रथिन दोन्ही तपासून दाखवलं. भिंती मेणाने छापायची सोपी रीत त्यानंतर दोन वर्षांनी आली. गरोदरपणाची घरगुती चाचणी त्याच भावकीतली, फक्त तिथे साध्या कागदाऐवजी नायट्रोसेल्युलोजची पट्टी असते.

शिकण्यासाठी ग्लुकोजची चाचणी उत्तम. व्हॉटमन नंबर १ हा क्रोमॅटोग्राफीचा कागद घ्या, त्यावर मेणाने आकृती काढा आणि १५० अंश सेल्सियसच्या तव्यावर, म्हणजे हॉटप्लेटवर, दोनेक मिनिटं ठेवा. मेण वितळून कागदाच्या आरपार जातं. पण ते आडवंही पसरतं, त्यामुळे चॅनेल आखला त्यापेक्षा अरुंद होतो. पहिल्या खेपेला माझे सगळे चॅनेल बुजले होते. वेगवेगळ्या रुंदीच्या पाच-सहा रेघा छापून, तापवून, नेमकं किती आकसतं ते आधी मोजा. मग टोकाच्या ठिपक्यावर पोटॅशियम आयोडाइड आणि ग्लुकोज ऑक्सिडेज व हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज ही दोन विकरं (एन्झाइम) सोडून वाळवा. ग्लुकोज आलं की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, त्याने आयोडाइडचं आयोडीन होतं आणि ठिपका तपकिरी पडतो.

रंग मोबाइलने मोजायचा असेल तर प्रत्येक फोटोत एक पांढरी आणि एक करडी पट्टी शेजारी ठेवा, आणि फोटो बंद खोक्यात एकाच दिव्याखाली काढा. कॅमेरा आपल्या मनाने रंग दुरुस्त करत असतो. शिवाय वेळ ठरवून घ्या. ठिपका पाचव्या मिनिटाला वेगळा आणि पंधराव्याला वेगळा दिसतो, कारण कागद वाळत जातो तसा रंग कडेला सरकतो.

कागद मात्र भोळा आहे. हो की नाही एवढंच विचारायचं असेल तर तो छान उत्तर देतो. नेमकं किती असं विचारलं की गडबडतो. धुऊन काढायच्या चार-पाच पायऱ्या असलेली चाचणी कागदावर करायला गेलात तर डोकेदुखीच. तिथे चॅनेल हवा.

ओतण्याआधी तीन हिशोब

एका कागदावर हे तीन आकडे लिहिल्याशिवाय मी कोणाला साचा बनवू देत नाही.

पहिला, चॅनेलमध्ये किती मावतं. २०० गुणिले ५० मायक्रोमीटर, लांबी २० मिलिमीटर: ०.२ मायक्रोलिटर. पिपेटच्या टोकाला लोंबणाऱ्या थेंबातून असे कित्येक चॅनेल भरतील.

दुसरा, किती दाब लागेल. आयताकृती चॅनेलचा अडथळा लांबीच्या प्रमाणात वाढतो आणि उंचीच्या घनाच्या प्रमाणात कमी होतो. आपल्या चॅनेलमधून मिनिटाला १० मायक्रोलिटर पाणी ढकलायला सुमारे १,९०० पास्कल लागतात, म्हणजे जेमतेम २० सेंटिमीटर पाण्याचा स्तंभ. उंची निम्मी करून २५ मायक्रोमीटर केली की तोच दाब १४,००० पास्कलच्या घरात जातो, सातपटीहून जास्त. रुंदीत झालेली चूक चिप माफ करते, उंचीतली करत नाही. साचा तयार झाला की उंची मोजूनच घ्या. कागदावर आखलेली उंची आणि हाती आलेली उंची यांत फरक असतो.

तिसरा, नमुना किती वेळ आत राहतो. मिनिटाला १० मायक्रोलिटर सोडलं तर ०.२ मायक्रोलिटरचा चॅनेल १.२ सेकंदात धुऊन निघतो. आणि प्रथिनाला छतापासून तळापर्यंत यायला लागतात ३१ सेकंद. म्हणजे बहुतेक प्रथिन तळाला न शिवता निघून जाणार. वेग ०.५ मायक्रोलिटरवर आणला की आतला मुक्काम २४ सेकंदांचा होतो, मग बरंचसं पकडलं जातं. मात्र उलट बाजूही आहे. वेग जास्त असला की तळाशी सतत ताजा नमुना येत राहतो आणि संकेत, म्हणजे तळाची चमक, भराभर चढतो, फक्त नमुना वाया जातो. नमुना भरपूर असेल तर वेगाने सोडा, मोजका असेल तर सावकाश. कुठल्या लेखातला आकडा उचलून पंपात घालू नका.

या चॅनेलमध्ये रेनॉल्ड्स अंक (प्रवाह शांत की खळबळता हे सांगणारा आकडा) वेगवान प्रवाहालाही दीडच्या खालीच राहतो. पाणी घुसळायला तो हजारोंत लागतो. त्यामुळे दोन द्रव शेजारी शेजारी सोडले तर ते दोन पदरांसारखे चालत राहतात, मधली कड फक्त विसरणाने पुसट होते. मिसळायचं असेल तर चॅनेल लांब नागमोडी करा किंवा तळाला तिरप्या खाचा द्या. आपोआप मिसळेल या भरवशावर राहू नका.

रबर, साचा आणि भोकं

पीडीएमएस या सिलिकोन रबराच्या चिपा १९९०च्या दशकाच्या शेवटी प्रयोगशाळांत रुळल्या, आणि अजूनही नवीन काही आजमावून बघायला त्याच बऱ्या. लाखोंनी बनवायच्या असतील तर हे रबर उपयोगी नाही, तिथे साच्यात दाबून बनवलेलं कडक प्लॅस्टिक लागतं. पण तो पुढचा प्रश्न.

मूळ द्रव १० भाग, घट्ट करणारा १ भाग, वजनाने. मधासारखं दाट असतं. पाच मिनिटं नेटाने घोटा, कडेचं आणि तळाचं खरवडून मध्ये आणा. मिश्रण फेसाने पांढरं दिसलं म्हणजे नीट घोटलं गेलं. मग निर्वात भांड्यात अर्धा-पाऊण तास. फेस उतू जातो, म्हणून भांडं द्रवाच्या चौपट मोठं घ्या. साच्यावर ओता, ६५ ते ७० अंशांवर निदान दोन-तीन तास ठेवा. मी रात्रभर ठेवते, सकाळी कापायला हात ताजा असतो.

साचा सिलिकॉन वेफरवर (चकतीवर) एसयू-८ने, म्हणजे प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनने, केलेला असेल तर पहिल्या ओतण्याआधी त्याला रबर चिकटू न देणाऱ्या फ्लोरोसिलेनची वाफ द्या, नाहीतर रबर सोलताना साचाच उखडतो. थ्रीडी प्रिंटरच्या रेझिनचा साचा असेल तर जास्त सांभाळा. वहीतलं सातवं पान या रेझिनचं आहे. सकाळी भट्टी उघडली तर वरचं रबर घट्ट आणि साच्याला लागलेली बाजू च्युइंगमसारखी चिकट. मी प्रमाण चुकलं समजून तीनदा परत ओतलं. प्रमाण बरोबर होतं. न पिकलेलं रेझिन रबरातल्या प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाला मारत होतं. साचा आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, अतिनील दिव्याखाली ठेवा, मग भट्टीत भरपूर भाजा, त्यानंतर ओता. गंधकही हाच घात करतं, म्हणून लॅटेक्सचे हातमोजे नकोत, नायट्राइलचे वापरा.

आता भोकं. हे काम सगळे घाईत उरकतात. भोक पाडायचा पंच नळीच्या बाहेरच्या व्यासापेक्षा किंचित बारीक हवा, म्हणजे रबर नळीला आवळून धरतं. भोक चॅनेलच्या बाजूने, सरळ खाली, एका दमात पाडा. पंच आरपार गेला की आतून रबराची बारीक कांडी निघते, ती दांडीने बाहेर ढकला आणि मगच पंच मागे ओढा. ती कांडी आत राहिली तर पुढे कुठेतरी चॅनेलच्या तोंडाशी बूच होऊन बसते आणि तुम्ही दिवसभर पंपाला शिव्या देता. माझी सवय अशी: टेबलावर चिकटपट्टीचा तुकडा उलटा लावायचा, निघालेली प्रत्येक कांडी त्यावर चिकटवायची. चार भोकं, चार कांड्या. तीनच दिसल्या तर पुढे जायचं नाही.

चिकटपट्टी लावून-काढून रबराची धूळ उचला, काच धुऊन कोरडी करा, दोन्ही ऑक्सिजन प्लाझ्मात (विजेने भारलेल्या वायूत) अर्धा ते एक मिनिट ठेवा आणि बाहेर काढल्याबरोबर एकमेकांवर टेका. जोराने दाबू नका, छत खाली बसतं. नीट जमलं तर सांधा आपला आपण पुढे पसरत जाताना दिसतो, पाण्याचा डाग पसरावा तसा. ८० अंशांवर दहा मिनिटं ठेवलं की झालं. प्लाझ्मा बरोबर बसला का हे बघायला रबराच्या उरलेल्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाका. कच्च्या रबरावर थेंब मोत्यासारखा उभा राहतो; प्लाझ्मानंतर सपाट पसरतो. ही पाणी धरायची वृत्ती काही तासांत ओसरते, म्हणून चिप तयार झाली की लगेच भरा, नाहीतर पाण्याखाली ठेवा.

नळीतला दोन तासांचा प्रवास

आता तो किस्सा सांगते, जो मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते. गेल्या खेपेला आलेली विद्यार्थिनी दुपारी माझ्याकडे आली.

"ताई, पंप चालू आहे, पण चिपमध्ये काहीच चमकत नाहीये. अँटिबॉडी मेली असेल का?"

"वेग किती ठेवलायस?"

"अर्धा मायक्रोलिटर. तुम्हीच सांगितलेलात."

"आणि नळी केवढी?"

तिने हाताने दाखवली, साधारण एक वीत. मी पट्टी लावली तर ३० सेंटिमीटर, आतला व्यास अर्धा मिलिमीटर. कागद पुढे केला. नळीत मावतं ५९ मायक्रोलिटर, म्हणजे चॅनेलच्या जवळपास तीनशे पट. मिनिटाला अर्ध्या मायक्रोलिटरने नमुना चिपच्या तोंडाशी यायलाच दोन तास. तिने चाळीस मिनिटांत बंद केलं होतं. अँटिबॉडी ठणठणीत होती, अजून वाटेतच होती.

आणि वाटेत ती एकटी नसते. नळीच्या मधला द्रव पुढे पळतो, कडेचा मागे राहतो, त्यामुळे नमुन्याची पुढची कड पसरट होत जाते. कमी प्रमाणातलं प्रथिन तर नळीच्या भिंतीलाच चिकटून संपतं. मला यात तीन आठवडे घालवावे लागले होते: जास्त प्रमाणाला संकेत सुरेख, कमी प्रमाणाला शून्य, आणि मी अँटिबॉडी बदलत बसले.

यावर मी आता एकच उपाय करते. आत जायची नळीच काढून टाकली. पिपेटची टिप, म्हणजे टोकाची प्लॅस्टिकची सुटी नळी, नमुन्यासकट आतल्या (द्रव शिरतो त्या) भोकात उभी खोवायची आणि पंप बाहेरच्या (द्रव निघतो त्या) भोकाला लावून ओढायला ठेवायचा. नमुना थेट चॅनेलमध्ये. बफर (आम्लता स्थिर ठेवणारं क्षारांचं पाणी) बदलायचं तर टिपमधला द्रव जवळजवळ संपला की वरून पुढचा घालायचा, तळ कोरडा पडू द्यायचा नाही. यात अजून एक सोय आहे: सांधा कुठे सैल असला तर रक्त बाहेर फवारत नाही, उलट हवा आत येते. चाचणी वाया जाते, पण टेबल स्वच्छ राहतं.

पंपाबद्दल थोडं. सिरिंज पंपाची मोटर पायरी-पायरीने सरकते. मोठी सिरिंज लावून अगदी कमी वेग मागितला तर प्रवाह उचक्या देत येतो. कमी वेगाला छोटी सिरिंज लावा. १०० किंवा २५० मायक्रोलिटरची काचेची उत्तम. वेग बदलल्यावर लगेच मोजू नका. नळी, सिरिंजचं रबर, चिपचं छत सगळं थोडं थोडं फुगतं आणि निवायला वेळ घेतं.

बुडबुडा

माझ्या वहीत सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द. बुडबुडा चॅनेलमध्ये अडकला की प्रवाह वाकतो, आणि पुढे सरकला तर जाताना तळावरची प्रथिनं खरवडून नेतो. चाचणी चालू असताना आलेला बुडबुडा काढून उपयोग नसतो, ती चिप बाद. म्हणून येऊच द्यायचा नाही.

बफर फ्रीजमधून काढून सरळ वापरू नका. थंड पाण्यात हवा जास्त मुरलेली असते, चिपमध्ये गरम झालं की ती सुटते. बफर खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि अर्धा तास निर्वात भांड्यात ठेवा. चिप पहिल्यांदा भरताना, अँटिबॉडी घालण्याआधी, इथेनॉल किंवा ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडा. ते कोपऱ्याकोपऱ्यात शिरतं. मग त्याच्यामागून पाणी, मग बफर. अँटिबॉडी बसल्यावर मात्र अल्कोहोल आत जाता कामा नये, ती कामातून जाते.

नळी किंवा टिप खोवताना थेंबाला थेंब भिडवा: भोकावर बफरचा फुगीर थेंब ठेवायचा, नळीच्या टोकालाही थेंब लोंबता ठेवायचा आणि दोन्ही एकमेकांत मिसळत आत शिरायचं. कोरडी नळी खोवली की तिच्यापुढचा हवेचा तुकडा आत गेलाच म्हणून समजा. तरीही एखादा कोपऱ्यात बसलाच, तर बाहेरचं भोक बंद करून आतून हलका दाब द्या. हे रबर हवेला अडवत नाही, दहा-पंधरा मिनिटांत बुडबुडा भिंतीतून झिरपून नाहीसा होतो. हाच गुण उलट बाजूने त्रास देतो. पाण्याची वाफही या रबरातून जाते, म्हणून प्रवाह थांबवून चिप तासभर तशीच ठेवायची असेल तर ओल्या टिपकागदासह झाकणाच्या डबीत ठेवा.

तळाला काय बसवायचं आणि काय बसू द्यायचं नाही

अँटिबॉडी पीबीएस या फॉस्फेटच्या बफरमध्ये मिलिलिटरला १० ते ५० मायक्रोग्रॅम, चॅनेल भरून तासभर. नुसतं चिकटवणं पहिल्या प्रयोगांना पुरतं. टिकाऊ हवं असेल तर काचेवर अमिनोसिलेन आणि ग्लुटारल्डिहाइड लावून रासायनिक बंधाने बसवा. मग ०.०५ टक्के ट्वीन-२० (सौम्य साबणासारखा पदार्थ) घातलेल्या पीबीएसने धुवा आणि १ टक्का बीएसए, म्हणजे गायीच्या रक्तातलं एक प्रथिन, अर्धा ते एक तास. ही शेवटची पायरी उरलेल्या मोकळ्या जागा झाकायची आहे. पीडीएमएस प्रथिनांना चुंबकासारखं ओढतं. जागा झाकली नाही तर फ्लुओरोसंट अँटिबॉडी छताला आणि भिंतीला बसते आणि रिकामी चिपही झगमगते.

तपासायचा पदार्थ छोटा आणि तेलकट रेणू असेल, उदाहरणार्थ एखादं स्टेरॉइड संप्रेरक, तर पीडीएमएस वापरूच नका. तसे रेणू रबराच्या आत मुरतात. झाकणाने ते थांबत नाही.

मोजणी: इथे प्रामाणिक राहायचं

आधी ब्लँक. ज्यात प्रथिन अजिबात नाही असा नमुना, बाकी सगळं जसंच्या तसं, निदान आठ-दहा चिपांवर. समजा त्यांची सरासरी २१० आली आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरतात ते) ८. सरासरीत विचलनाची तिप्पट मिळवली की २३४. याच्या खालच्या संकेताला मी काही दिसलं असं म्हणत नाही. कितीही मोह झाला तरी.

मोजणी वेगवेगळ्या चिपांवर करा. एकाच चिपवर बारा जागी मोजलं म्हणजे बारा प्रयोग झाले असं नाही, तो एकच प्रयोग आहे, बारा वेळा पाहिलेला. खरा फरक चिपाचिपांत असतो: ओतण्यात, प्लाझ्मात, भरण्यात. सूक्ष्मदर्शकाचा दिवा आणि एक्सपोजर कायम तेच ठेवा, आणि तीव्र प्रकाशात नमुना उगाच ठेवू नका, रंगद्रव्य विटतं.

कॅलिब्रेशनची रेषा, म्हणजे किती प्रथिनाला किती संकेत याचा आलेख, बफरमध्ये काढून खूश होऊ नका. पंचविसाव्या पानावर मी माझी आजवरची सर्वांत सुंदर रेषा चिकटवली आहे, बफरमधली. तिच्याखाली सीरममधली (रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या द्रवातली) रेषा आहे: सपाट. सीरम स्वतः चमकतं, त्यातली इतर प्रथिनं गर्दी करतात, काही माणसांच्या रक्तातल्या अँटिबॉडी आपल्या दोन्ही अँटिबॉडींना परस्पर जोडून खोटा संकेत देतात. म्हणून रेषा त्याच द्रवात काढा ज्यात पुढे मोजायचं आहे. सीरम चौपट पातळ करून बघा. ठरावीक प्रथिन मुद्दाम मिसळा आणि किती परत मोजलं जातं ते बघा. ८० ते १२० टक्क्यांत आलं तर ठीक, चाळीस आलं तर रेषेला विसरा.

नमुना आणि फ्लुओरोसंट अँटिबॉडी एकत्रच सोडणार असाल तर एक सापळा आहे. प्रथिन फारच जास्त असेल तर तळावरच्या अँटिबॉडीला एक रेणू आणि वरच्या अँटिबॉडीला दुसराच रेणू, असं होऊन सँडविच बनत नाही आणि संकेत पडतो. अतिशय जास्त प्रमाण अतिशय कमी दिसतं. शंका आली की तोच नमुना दहापट पातळ करून पुन्हा चालवा. संकेत वाढला तर सापळाच होता.

रक्त आलं की

पूर्ण रक्त सरळ या चॅनेलमध्ये सोडू नका. त्याचा चाळीस-पंचेचाळीस टक्के भाग पेशींचा असतो, त्या तळावर बसून सगळं झाकतात. रक्तद्रव वेगळा करणारी पातळ पटलं मिळतात, ती आतल्या भोकावर बसवता येतात, किंवा सरळ सेंट्रिफ्यूज करा. प्रत्येक नमुना संसर्गजन्य आहे असं धरूनच हाताळा: हातमोजे, चष्मा, सुरक्षित कक्ष, आणि वापरलेली चिप ताज्या ब्लीचच्या द्रावणात अर्धा तास बुडवून मगच जैविक कचऱ्यात. नमुने घ्यायचे तर नैतिक समितीची परवानगी आणि देणाऱ्याची लेखी संमती आधी. आणि अशा चिपवर आलेला आकडा त्या माणसाला निदान म्हणून सांगायचा नाही, ओळखीचा असला तरीही. आमच्याच एकाने हौसेने स्वतःचं रक्त घालून पाहिलं, आकडा भलता आला आणि बिचारा रात्रभर झोपला नाही. दुसऱ्या दिवशी रुग्णालयातल्या तपासणीत सगळं ठीक निघालं. त्याच्या चिपमध्ये बुडबुडा होता.

परवा मी दुसऱ्या वहीची शेवटची पानं चाळत होते, तर नव्या विद्यार्थिनीने मला न सांगता आपली पहिली नोंद केलेली दिसली. तारीख, चिपचा क्रमांक आणि खाली एकच ओळ: "चार भोकं, तीन कांड्या. चौथी तोंडाशीच बसलेली. सूक्ष्मदर्शकाखाली सापडली, १५ मिनिटांत."